दहापर्यंत हात

गिरड,
बुधवार

प्रिय बाबा,

फोनवर दुकानाचा विषय काढला की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र. हे आईच्या हातात द्यायचं नाही, चष्मा लावून स्वतः वाचायचं. शेजारच्या सचिनने सांगितलं, दसऱ्याला तुम्ही आर्वीचं मोटर दुरुस्तीचं दुकान मोबाइलवाल्याला देताय. हात थरथरतो, मोटरीत तार भरवत नाही आणि पुढे चालवणारं कोणी नाही, असं त्याला म्हणालात म्हणे. ते "कोणी नाही" मला फार लागलं. पण आधी माझ्या सायकलीची हकिकत ऐका. रागवाल, तरी ऐका.

टेकडीवरच्या बालवाडीत शिकवायला जाते म्हणून मी बॅटरीवरची जुनी सायकल घेतली होती. चाकातली मोटर छत्तीस व्होल्टची. सपाटीवर बरी चालायची, चढ आला की मान टाकायची आणि मी घामाघूम होऊन तिला ढकलत वर न्यायची. एप्रिलमध्ये मी तिला अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी लावली, कंट्रोलरही त्याच मापाचा बसवला. मोटरीच्या प्लेटवर छत्तीस लिहिलेलं डोळ्यांना दिसत होतं. "प्लेटवर जे लिवलं तेले बाप समजाचं, त्याच्यावर जाचं नाई," हे तुमचं वाक्यही कानात होतं. पण त्या दिवशी मी एका दमात वर पोचले, बाबा. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मग मोटर तापायला लागली. आणि मी काय केलं असेल? मे महिन्यात शेतातल्या पंपाच्या मोटरीवर लोक ओलं पोतं टाकतात ना, तसं चाकाच्या मोटरीला ओलं पोतं गुंडाळून ठेवलं. आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस काय नि मशीन काय, सगळ्यांना एकच औषध. वायर जिथून आत जाते तिथून पाणी झिरपलं. दुसऱ्या दिवशी घराच्या दारातच सायकल सुरू केली आणि तो वास आला. जळलेल्या वार्निशचा, तुमच्या शर्टाला यायचा तो. तुमचा जावई चंदन आतून ओरडला, "काऊन वं, काय जळून राह्यलं?" मी पायरीवर बसून रडले. मोटरीसाठी थोडंच. तुम्हाला हे कळलं तर तुम्ही काय म्हणाल, याचंच रडू जास्त होतं.

इथल्याच एखाद्या दुकानात दुरुस्तीला द्यायचा चंदनचा विचार होता. मी नाही म्हटलं. वर्ध्याहून तांब्याची तार आणली आणि मोटर स्वतः उघडली. आतल्या लोखंडी चकतीला अठरा दात, प्रत्येक दातावर तारेचे मोजून वेढे. लहानपणी तुम्ही तार भरायचात आणि मी शेजारी बसून वेढे मोजायची. मध्येच काही विचारलं की म्हणायचात, "बोलू नोको, मोज." एकदा मी तार हातात घेतली, तर म्हणालात, "तुह्यं काम मोजाचं हाय बाई, तार भराचं नाई." मी बारा वर्षांची होते. बाबा, ती तुम्ही माझ्यावर ठोकलेली प्लेट होती. इथे तर मोजायला कोणी नव्हतं. तीन वेळा चुकले, तीन वेळा सगळं उसवलं. चौथ्यांदा जमलं.

आता चार महिने झाले, मोटर अठ्ठेचाळीसवरच धावते. पोतं नाही. कंट्रोलरमधून करंट कमी करून घेतला आहे आणि अर्ध्या चढावर कडुनिंबाखाली थांबते. तिथे तुमच्याच पद्धतीने तिची परीक्षा घेते: मोटरीवर हात ठेवून दहापर्यंत मोजायचं, आधी हात काढावा लागला तर मोटर बंद. एकदाही आधी काढावा लागलेला नाही. प्लेटच्या वर जाता येतं, बाबा, फक्त हात ठेवून बघत राहावं लागतं.

चंदनने एसटीच्या आर्वी डेपोला बदलीचा अर्ज दिला आहे. मी बालवाडीत दिवाळीनंतर येणार नाही म्हणून सांगून टाकलं. शनिवारी सकाळच्या एसटीने ती मोटर पिशवीत घालून घेऊन येते. उघडा, तपासा, खोट काढा. खोट सापडली तर द्या दुकान मोबाइलवाल्याला, मी एक शब्द बोलणार नाही. नाही सापडली तर किल्ली मला द्यायची. तुमचा हात थरथरतो तर थरथरू दे. तार मी भरीन, शेजारी बसून मोजायचं काम तुमचं. आणि मोजताना बोलायचं नाही.

तुमचे वेढे मोजून मोठी झालेली,
तुमचीच मंजुषा