सासूबाईंच्या खोलीची ओल

४ मार्च
डॉक्टर सांगून गेले, ओल जाईपर्यंत सासूबाईंनी मागच्या खोलीत झोपायचं नाही. खोकला तिथल्या ओल्या भिंतीमुळेच. तोवर त्या माझ्या स्टडीत. चारच दिवस, असं बायको म्हणाली. मी हॉलमध्ये सोफ्यावर. हरकत नाही. माझा स्वभावच दिलदार आहे.

५ मार्च
भिंतीचा सखोल अभ्यास केला. तीन व्हिडिओ. जुन्या दगडी भिंतीवर कुणा शहाण्याने सिमेंटचं प्लास्टर चोपडलंय. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. प्लास्टर काढलं की झालं! गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, आधी प्लास्टर काढू, मग भिंत वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. फार ‘मग’ होते. त्याला कटवलं. रविवारपर्यंत मीच उरकणार. हे सगळं केवळ सासूबाईंच्या तब्येतीसाठी. स्टडीचा इथे काडीचा संबंध नाही.

६ मार्च
छिन्नी-हातोडा आणला. पहिलाच घाव अंगठ्यावर. उरलेला दिवस प्लॅनिंग.

८ मार्च, रविवार
तंत्र गवसलं! जिथे पोकळ वाजतं तिथे ठोकायचं, पापुद्रा अलगद सुटतो. पोकळ फक्त दाराजवळ वाजतं. बाकी सिमेंट असं चिकटलंय की निघताना दगडाचा टवका घेऊनच निघतं. सासूबाई डोकावल्या. जावईबापू, भिंत ठेवणार आहात ना, असं विचारलं. मी पुढचा घाव जरा हळू घातला.

११ मार्च
धूळ. कपाटात, अंथरुणात, दुधात. बायकोने अबोला धरलाय. फक्त स्टडी स्वच्छ, कारण सासूबाईंनी दाराच्या फटीत माझा टॉवेल कोंबलाय. आतून रेडिओ ऐकू येतो. माझ्या टेबलावर औषधं आणि विणकाम यांनी बस्तान बसवलंय. खुर्ची पाठीला छान बसते म्हणे. लक्षणं बरी नाहीत. उद्यापासून पहाटे पाचला उठून कामाला लागायचं.

१२ मार्च, सकाळी साडेदहा
उठलो.

१६ मार्च
फत्ते! अख्खी भिंत उघडी. दगड काय देखणे दिसतात! गवंड्याला मुद्दाम बोलावलं, म्हटलं बघू दे जरा. त्याने भिंतीवर तळहात ठेवला आणि पँटला पुसला. काम बरं झालंय म्हणाला, सांधे जरा जास्तच कोरलेत, ते भरून देईन. आता वाळू द्या. किती दिवस, मी विचारलं. दिवस नाही साहेब, महिने, म्हणाला. इतकी वर्षं कोंडलेलं पाणी तुमच्या घाईने निघत नाही. तोवर चुनाही नाही आणि तिथे झोपणंही नाही. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मला काही घाई नाही हो, असं सासूबाई स्टडीतूनच म्हणाल्या.

१७ मार्च
हीटर आणि दोन पंखे एकदम लावले. फ्यूज उडाला. बायकोचा अबोला संपला. खूप बोलली.

२० मार्च
खोकला. मला. छातीत धूळ गेलीय म्हणे. डॉक्टर म्हणाले, दुपारी कोरड्या, बिनधुळीच्या खोलीत आराम करा. घरात तशी एकच खोली आहे. बायकोने रदबदली केली. सासूबाई आता ठणठणीत, त्यामुळे मनही मोठं झालंय. दोन ते चार यायला हरकत नाही म्हणाल्या, फक्त दार वाजवून यायचं.

दोनला उशी घेऊन गेलो. दार वाजवलं. आतून त्यांनी विचारलं, कोण आहे?