गेटाला लावलेली वीट

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

बुंदी चावली. शेजारच्या झुंबरबाईंना, पोटरीला. आमच्याच गेटासमोर.

त्या गिरणीतून बाजरीचं पीठ घेऊन येत होत्या. बुंदीने वीट ढकलली आणि बाहेर! गेटाची बिजागरी खचलीय, कडी बसत नाही, म्हणून मी आतून वीट लावतो. एवढ्या थोराड कुत्रीला एक वीट.

बायकोने, मोहिनीने, जखम नळाखाली साबणाने धुतली. मी आणि त्यांचा मुलगा दिनेश त्यांना घेऊन सिव्हिलला. जखमेत इंजेक्शन, दंडात इंजेक्शन. गाडीत मी म्हटलं, असं कधी करत नाही ती. दिनेश आवाज न चढवता म्हणाला, "काका, कुत्री तुमची. मग गेट कुणाचं?"

डॉक्टरांनी बुंदीच्या लशीचं विचारलं. ऑगस्टात द्यायची होती. राहिली. म्हणाले, "दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. धडधाकट राहिली तर चावताना तिला रोग नव्हता, असं समजायचं. कुठे सोडू नका."

१९ नोव्हेंबर, बुधवार

उजाडताच भिंतीपलीकडून हाक – "पेपरवाले! हाय का जित्तं?"

नोकरी संपली, आता आठवड्याला एक लेख तेवढा लिहितो. पण झुंबरबाईंच्या लेखी मी पेपरवालाच.

"आहे. पोळी खाल्ली आत्ताच."

"मंग मी बी हाय," म्हणाल्या आणि चहाची बशी तोंडाला लावली.

मोहिनीला हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बुंदी साखळीला. जन्मात पहिल्यांदा. दिवसभर कुईकुई.

सोमनाथ वेल्डरला फोन केला. "सर, लाईट नाही. सोमवारी नक्की!" मोहिनीकडे कुरकुर केली – मार्चपासून मागे लागलोय त्याच्या. ती म्हणाली, "मार्चपासून फोन करताय. एकदा तरी दुकानात गेलात का?"

गेलो. गाडीवर मागे बसवूनच आणला. नवी बिजागरी, नवी कडी. लागली की खट्ट वाजते. अंधार पडायच्या आत काम संपलं. वीट कुंपणापाशी टाकली. इतकंच होतं ते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरं इंजेक्शन. "हाय का जित्तं?" – "आहे."

२३ नोव्हेंबर, रविवार

पेरू घेऊन झुंबरबाईंकडे गेलो. पाय सुजलाय, पण तोंड शाबूत. "पेरू कुत्रीनं धाडले व्हय?"

मग आपणहूनच सांगू लागल्या. लासलगावकडची त्यांची भावजय. कांदे भरायला गेली असताना पिसाळलेलं कुत्रं चावलं. घरच्यांनी झाडपाला बांधला आणि विसरले. "शेवटाला पाण्याला भ्यायची वो. तांब्या दिसला की किंचाळायची. खाटेला बांधली व्हती. मीच बांधली."

मी म्हटलं, तुम्हाला इंजेक्शनं मिळालीत, वेळेत मिळालीत. काही होत नाही.

"इंजेक्शनातलं डाक्टरला समजतं. मला तुमचं कुत्रं समजतं. रोज भितीवरून बघते, पाणी पितंय का. ते प्यालं की मग माझ्या घशाखाली घोट उतरतो."

घरी येऊन बुंदीचं पाण्याचं भांडं भिंतीलगत सरकवलं. त्यांना नीट दिसेल असं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरं इंजेक्शन. बुंदी ठणठणीत. साखळीचाही राग गेलेला दिसतो. आज हाकेला उत्तर मिळाल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "जाड व्हायला लागलं की हो!"

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

गल्लीत तीन-चार घरी खंडोबा. नैवेद्याचा घास कुत्र्याला द्यायचा, आणि गल्लीत पाळलेली कुत्री आमचीच. दरवर्षी ताटं येतात, भरीत-रोडग्याची. यंदाही आली. चावरी असली तरी!

कोपऱ्यावरच्या कुसाबाई साखळी बघून थबकल्या. "अगं मोहिनी, देवाचं कुत्रं बांधून घालतेस? आजच्या दिवशी?" मोहिनी आत विचारायला आली. मी लिहीत होतो. रविवारचा लेख बुधवारी संध्याकाळच्या आत जातो, कधी चुकलेला नाही. म्हटलं, गेट लागलंय ना? मग सोड पाच मिनिटं.

कडी नवी, भक्कम. पण लावायला माणूस लागतो. पुढचं ताट आलं. गेट उघडल्याचं ऐकलं. नंतरचं खट्ट ऐकू आलं नाही – आणि ते आलं नाही हे मला कळलं! तरी म्हटलं, एवढं वाक्य पुरं करून उठतो.

उठलो तेव्हा अंगणात चाटून साफ केलेली पत्रावळ. साखळी पडलेली. गेट सताड.

पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो. नाही. लेख गेला नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

"पेपरवाले! हाय का जित्तं?"

आहे म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"सुटली, झुंबरबाई. कालपासून सापडत नाही."

त्यांनी बशी ओट्यावर ठेवली. "मंग माझं काय?"

दिनेश बाहेर आला. माझ्याकडे न बघता आईला आत घेऊन गेला.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, इंजेक्शनं पूर्ण करा, घाबरू नका. दिनेशला दारातूनच सांगितलं. "आईला सांगून बघा तुम्ही. सकाळपासून पाणी घेत नाहीये ती."

दिवसभर फिरलो. पाटाचा रस्ता, अंबडची बाजू, टपऱ्या, भंगारवाले. बुंदी, बुंदी! लोक वळून बघायचे. संध्याकाळी परतलो तेव्हा झुंबरबाईंच्या ओट्यावर भरलेला तांब्या. तसाच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

"पेपरवाले! जित्तं हाय!"

धावलो. झुंबरबाईंच्या ओट्यावर बुंदी, खाटेच्या खुराला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेली, परातीतलं पाणी लपालपा पितेय. दिनेश म्हणाला, उजाडायच्या आत त्या सुजलेल्या पायाने एकट्याच पाटावर गेल्या होत्या. परवाचं भरीत घेऊन.

मी त्यांच्या गेटाला हात घातला.

"कडीला हात लावू नका," तांब्या खाली ठेवत म्हणाल्या. "आज दहावा दिस, सरू द्या. मंग बी देईन का नाय, बघते."

मी रस्त्यावरच उभा राहिलो.