आराम म्हणजे कोणता

आई, लातूरहून विशाखाचा जय भीम.

मी मजेत आहे. मेसच्या भाजीत तेल तेवढं लई असतं. बरा न होणाऱ्या पेशंटला कसं सांभाळायचं, हे आम्हा डॉक्टरांना इथं शिकवून राहिलेत.

काल चाकूरच्या एका म्हातारीला दुखणं थांबवायचं औषध दिलं आणि मी तिच्या लेकाला म्हणाले, "आता आराम पडेल." त्यानं लगेच घरी फोन लावला, "माय नीट होणार हाय!"

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आपल्याकडं आराम म्हणजे बरं होणं. दुखणं थांबेल, आजार जाणार नाही, असं सरळ सांगायचं. मग मीच त्याला सांगितलं. तो मायचे पाय चेपत बसला.

आई, हे पत्र तुला एकटीला. फोनवर अप्पा शेजारीच असतात, म्हणून लिहून विचारते. त्यांची तब्येत विचारली की "अप्पांना आराम हाय" म्हणतेस, तो कोणता?

तुझी विशाखा