बीएसएचा खरा कार्बुरेटर

३ सप्टेंबर १९६१, रविवार. अकोला
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आजपर्यंत: देव्हारा (किंचित कलतो). उंदराचा पिंजरा, उंदीर अजून आलेला नाही. शेवयांचं यंत्र, शेवया सोडून बाकी उत्तम. आणि बीएसए मोटरसायकल. म्हणजे झाली ती विलायतेत, पण लढाईतून माझ्याकडे आली तेव्हा नुसता सांगाडा होता. गुरू कोणी नाही. मॅन्युअल आणि डिक्शनरी.
आज भयंकर गोष्ट ध्यानात आली. गाडी १९४० ची, आणि तिच्यावर कार्बुरेटर अमाल मोनोब्लॉक! पेट्रोलची वाटी अंगातच ओतलेली. ही जात चोपन्नच्या आधी नव्हतीच. म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू उभा. बसवला होता सूर्यभान मिस्त्रीनं. जाब विचारला तर म्हणे, भाऊ, गाडी चालून राहिली ना? मग कायले हात लावता?
काढला. त्यालाच परत दिला. असली चीज घरात नको.

५ सप्टेंबर
पाहिजे तो अमाल २७६. वाटी वेगळी, बाजूला लटकती. स्लाइडवर ६/४, जेटवर, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोटीवर, १७०. निश्चय: आठवड्यात मिळवणे.

१७ सप्टेंबर
नाही मिळाला. तिवशाच्या भंगारवाल्यानं पंपाचा नळ दाखवला. वऱ्हाडात आकडे वाचणारा मी एकटाच आहे. त्याचा त्रास होतोच.

२४ सप्टेंबर
मिळाला! अमरावतीत, जुन्या लोखंडाच्या ढिगात. २७६. ६/४. १७०. तिन्ही आकडे बरोबर. विकणाऱ्याला पत्ता नव्हता. मी चेहरा मख्ख ठेवला.
रात्री पेट्रोलमध्ये धुतला. हाताशी दह्याचा गंज होता, तेच भांडं घेतलं.

२५ सप्टेंबर
गंज मी नंतर राखेनं घासला होता, हे नमूद करतो. तरी कढीला वास आला.  सुभद्रा म्हणाली, त्या कारबेटरसंगच लगन करायचं होतं, मले काहून आनलं? मेहुणा रामराव सरकी विकायला अकोल्यात आलेलाच होता. त्याच्याबरोबर चांदूर बाजारला निघाली. मी दारातून सांगितलं, आठ दिवसांत न्यायला येतो, मोटरसायकलवर. ती म्हणाली, हो, मोटरसायकलवरच या, पाहू आमी.
अट ठरली. सोपी आहे.

२ ऑक्टोबर
बसवला. देखणा दिसतो. किक मारल्या. काळा धूर, प्लग ओला. पेट्रोल भेसळीचं असणार.

८ ऑक्टोबर
पेट्रोल बदललं. काळा धूर.
सूर्यभान न बोलावता आला. जेट काढून उजेडात धरला, तोंडानं फुंकला. म्हणे, भोक कोन्हंतरी मोठं केलं, भाऊ. बेहद पेट्रोल पिऊन राहिला. मी दाखवलं: जेटवर १७० कोरलेलं आहे. त्यावर म्हणे, आकडा तोच रायते न, भोक वाढते! तुमचा जुना माह्याजोळच आहे, आत्ता लावून देतो, वहिनीले घेऊन या.
कंपनीनं कोरलेला आकडा खोटा आणि याचं तोंड खरं. त्याला चहा दिला. मीच केला होता. अर्धा ठेवून गेला.

२२ ऑक्टोबर
हवा दमट. कार्बुरेटरला कोरडी लागते. थंडीत सुरू होईल.
भात. लोणचं. ठीक.

५ नोव्हेंबर
दिवाळी आली. रामराव भेटला. सुभद्रेनं तिथं शिलाईचं मशीन घेतलं म्हणे, अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवते. शेजारणी दुपारभर हसत बसतात. मी मशीनचा मॉडेल नंबर विचारला. त्याला सांगता आला नाही.

१९ नोव्हेंबर
थंडी पडली. किक मारल्या. काळा धूर. समोरच्या पार्वताबाईंनी वाळवण आत नेलं.
सगळे आकडे बरोबर आहेत. पुन्हा तपासले.

३ डिसेंबर
किक मारली नाही. कार्बुरेटर पुसला.

१० डिसेंबर, रविवार
रामराव घरी आला. ओट्यावरच बसला. म्हणाला, भाऊजी, ताईचा राग कवाच गेला. ते म्हणते, मोटरसायकलचं मी थट्टेनं बोलली होती, एसटीनं या, पन या. या हप्त्यात आले तर तुमच्यासंग येते, नाही तर तिथंच दुकान टाकते. मग त्यानं रुमालाची गाठ सोडली. माझं जायचं भाडं तिनं शिलाईच्या पैशातून पाठवलं होतं. येतानाचं दोघांचं तीच भरणार होती.
मी सांगितलं, शब्द मोटरसायकलचा होता.  त्यानं गाठ पुन्हा बांधली.
मी भाडं नको म्हटलं. दोन रुपये पंचाहत्तर नये पैसे.