राजाचे ओठ टिपताना

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला खलनायकाचं काम मिळालं! जुन्या संगीत नाटकातला प्रधान. आजारी राजाला औषध म्हणून विष पाजतो. तालमीत मी भुवया चढवतो, दातओठ खातो, तर दिग्दर्शक म्हणतात, याच्या हातून मांजरही दूध पिणार नाही, राजा कसला पितोय! पुढच्या शनिवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार. आजवर विनोदी नोकरच केले गं. हे हातचं गेलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही.

आई कशी आहे? तुमची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू आणि खलनायक! झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचास. आरशासमोर डोळे वटारत बसू नकोस, डोकं दुखेल.

आईचं तेच. औषध म्हटलं की तोंड फिरवते. मग मी चमचा आधी माझ्या ओठांना लावते, गुणाची गं माझी म्हणते, मानेखाली हात घालून हळूच पाजते, रुमालाने ओठ टिपते. ऑफिसातून दमून आल्यावर हे सगळं, आणि आईसाहेबांकडून एक गोड शब्द नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भुवया खाली आल्या! शनिवारी मी पेला आधी माझ्या ओठांना लावला, राजाच्या मानेखाली हात घातला, शेवटी त्याचे ओठ टिपले. राजा झालेले काका मुकाट्याने प्यायले आणि पुढचं वाक्यच विसरले. दिग्दर्शक म्हणाले, आता भीती वाटली. काम माझंच!

कुठून उचललं ते तुला कळलंच असेल. रागावू नकोस. तिकिटं पाठवतोय, आईला घेऊन ये.

तुझा,
धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग आला. खूप आला. नाटकात तू ओठ टिपलेस आणि माझ्या अंगावर काटा आला. मी जे मायेने करते, त्याने तू माणूस मारलास.

घरी येताना टॅक्सीत आईने माझा हात धरला. म्हणाली, राजा कसा डोळे मिटून प्यायला, बघितलंस? मी तुझ्या हातून तशीच पिते.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड बोलली रे. मला रडूच आलं.

घरी आल्यावर औषध दिलं, तर मी खरंच चाखलं की नाही, ते तिने आधी वाकून पाहिलं. मग डोळे मिटले आणि प्यायली.

काम झकास केलंस. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
ताई