अध्यक्षांना खाली उतरवताना

२ फेब्रुवारी
आजच्या सभेत रहिवासी समितीचा अध्यक्ष म्हणून मी कमाल केली. आमच्या भागातली काही तरुण मुलं दर रविवारी आगीतून, अपघातातून माणसं कशी वाचवायची ते शिकतात. फुकट. त्यांची प्रमुख माझीच लेक. (हे मी कधी बोलून दाखवत नाही. आज तीनदाच बोललो.) एकवीस तारखेला अग्निशमन दलाचे साहेब त्यांची परीक्षा घेणार. पास झाली तर अधिकृत पथक म्हणून मान्यता, हेल्मेटं, स्वतःचं स्ट्रेचर. सध्या चादरीत माणूस उचलतात बिचारी.
परीक्षेला एक खोटा जखमी लागतो. पथकाबाहेरचा आणि वजनदार. तरुणांच्या पाठीशी कुणीतरी उभं राहायला हवं असं म्हणून मी स्वतःचं नाव दिलं. टाळ्या पडल्या.

५ फेब्रुवारी
जखमीने नुसतं पडून राहायचं असतं अशी माझी समजूत होती. लेक म्हणाली, पडूनच राहायचं, पण दलाने आणलेल्या स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधून. मग सहाव्या मजल्यावरून जिन्याने खाली. लिफ्टचं विचारलं. आगीत लिफ्ट वापरत नाहीत बाबा, म्हणाली. मला माहीत होतं. तिची तयारी बघत होतो.
जेवण गेलं नाही. भाजीत तेल जास्त होतं.

८ फेब्रुवारी
जिन्याची पाहणी केली. सहाव्या मजल्यावरून खाली डोकावलो. हातपाय गार पडले. रक्तदाब असणार. तडक डॉक्टरांकडे. रक्तदाब उत्तम आहे म्हणे.
डॉक्टर बदलायला हवा.

११ फेब्रुवारी
ही म्हणाली, भीती वाटत असेल तर माझा भाऊ झोपेल स्ट्रेचरवर. मेव्हणा! समितीची अब्रू मेव्हण्याच्या हाती देऊ? मी हसलो. हसताना छातीत धडधडत होतं, पण ते चहामुळे.

१३ फेब्रुवारी
पथकाची बैठक. खोट्या जखमीने खऱ्यासारखं ओरडायचं असतं, सोडा, मेलो, वगैरे. मुलांनी तिकडे लक्ष द्यायचं नाही. पण जखमीला खरोखरच त्रास झाला तर? त्यासाठी एक ठरलेला शब्द असतो. तो उच्चारला की सराव जागच्या जागी बंद. यांचा शब्द आहे ‘खरंच’. मी म्हटलं, हा काय शब्द झाला? अध्यक्षांच्या तोंडी शोभेल असं काहीतरी हवं. मी नवीन वाक्य दिलं, ‘सदर प्रात्यक्षिक अध्यक्षांच्या आदेशानुसार तूर्तास स्थगित करण्यात येत आहे’, आणि ठराव मांडून मंजूर करून घेतलं. ‘खरंच’ रद्द. पथकातला तो उंच मुलगा, ज्याला सगळे शिडी म्हणतात, त्याने पाठ करायला दोनदा लिहून घेतलं.
लेक म्हणाली, बाबा, परीक्षेत ते वाक्य आलं की परीक्षा संपली. आम्ही नापास. दोन वर्षं एक रविवार सोडलेला नाही या पोरीने. मी म्हटलं, बेटा, माझ्या तोंडून निघणारच नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी
झोप उत्तम. लागली तेव्हा उत्तम होती. घसा दुखतोय असं हिला सांगून पाहिलं. तिने मेव्हण्याला फोन लावायला घेतला. घसा बरा झाला.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
बांधलं. नाक खाजवता येईना. उचललं. पाचव्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर कललं आणि कठड्यापलीकडे थेट खालची फरशी दिसली. मी बोंब ठोकली. सगळे खूश. साहेबसुद्धा. सराव थांबवायचं वाक्य आठवेना. ‘प्रात्यक्षिक’पर्यंत आलो, पुढे अंधार. मग ओरडलो, खरंच! खरंच रे! तर शिडी अदबीने म्हणतो, काका, तो शब्द तुम्हीच रद्द केलात.
मी भ्यालो. इथे कोण वाचतंय? भ्यालो. त्यानंतर आठवतो तो लेकीचा चेहरा. स्ट्रेचरशेजारून उलटी उतरत होती. बाबा, खाली बघू नका, माझ्याकडे बघा, म्हणत होती. पट्ट्याखालून माझी बोटं धरली होती. मी बघत राहिलो. तळमजल्यावर पट्टे सोडले तरी तिचा हात सोडवेना.
अभिनय झकास झाला असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. आवाज पार गेलाय.

२८ फेब्रुवारी
सत्कार समारंभ. माझं ‘निर्भय तरुणाई’ हे भाषण तयार होतं. आवाज अजून आलेला नाही, म्हणून साहेबच बोलले. म्हणाले, नाटक करणारा जखमी कुणीही उतरवेल, पण या मुलांनी खरोखर भेदरलेला माणूस एक ओरखडा न उठता खाली आणला. म्हणून मान्यता. म्हणजे साहेबांना कळलं होतं. टाळ्या थांबेनात. मेव्हणा उभा राहून वाजवत होता.
मुलांना प्रशस्तिपत्रं मी दिली. लेकीची पाळी आली तेव्हा तिने कागदाबरोबर माझा हातही धरला.
मग साहेबांनी माइकवरून विचारलं, असा जखमी मिळत नाही, दुसऱ्या पथकांच्या परीक्षांना अध्यक्ष येतील का? सगळी सभा माझ्याकडे वळली. मी मान डोलावणार तेवढ्यात लेकीने माइक घेतला. म्हणाली, बाबांना विचारू नका. ते हो म्हणतील.
माझा जीव भांड्यात पडला. अर्थात मी हो म्हणणारच होतो.