पुढच्या चाकांची गाडी

तात्या, काल पितृपक्षातला तुमचा म्हाळ होता आणि तुमच्याच रानात मी गाडी रुतवली. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. तुमच्या नातवाचं लग्न झालं, मलकापूरचा रस्ता ओळखू येईनासा झाला, पण त्यातलं काहीही कागदावर उतरवावंसं वाटलं नाही. काल मात्र घोट्यापर्यंत चिखलात उभी होते आणि डोक्यात एकच होतं, की हे तात्यांना कळलं पाहिजे. तुम्ही हसला असता की चिडला असता, ते मला अजून ठरवता येत नाही.

घडलं ते असं. आपल्या घरी म्हाळाचा एक निवद घरात दाखवतात आणि दुसरं ताट रानात जातं, आंब्याखाली, जिथं तुमची रक्षा आहे. ते ताट ठेवून परत आल्याशिवाय पंगत बसवायची नाही, हा आईचा नियम. पंगतीला दरवर्षीसारखे तुमचे फौजेतले चौघे सोबती होते, चौघेही ड्रायव्हर, चौघेही परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत, दुपारी बारापासून ओट्यावर येऊन बसलेले. आईचे गुडघे आता पार कामातून गेलेत. बांधावरून चालणं तिला जमणार नव्हतं आणि ताट दुसऱ्या कुणाच्या हाती ती देणार नव्हती. मी म्हणाले, चल, आंब्यापर्यंत गाडीतूनच नेते. उसाच्या कडेचा तो पडीक तुकडा तुम्हाला आठवत असेल. त्यात आता नडगीपर्यंत गवत आहे, वरून हिरवंगार, सपाट, सतरंजी अंथरल्यासारखं. चार दिवसांच्या पावसानं त्याच्या खाली काय करून ठेवलंय, ते मी उतरून बघितलं नाही. जाताना गाडी गेली. आईनं ताट ठेवलं, हात जोडले, तुमच्याशी काहीतरी पुटपुटली. परत निघताना वळवायला गाडी जरा पुढं घेतली, तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

आणि मी काय केलं असेल? रेस दिली. वीस वर्षं गाडी चालवणारी बाई, ऐन वेळी अक्कल गहाण टाकून जोरात रेस दिली. इंजिन किंचाळलं, खिडकीच्या काचेवर चिखल आणि गवत थापलं गेलं आणि गाडी वीतभर खाली बसली. आई शेजारच्या सीटवर होती. ती शांतपणे म्हणाली, "आगं, थांब की. त्येंनी तुला चुलीपुढं काय शिकवलं हुतं?"

मी इंजिन बंद केलं आणि डोळ्यांपुढं आपलं स्वयंपाकघर आलं. तुम्ही फौजेतून आलात, जुनी जीप घेतलीत आणि कराडला वडापच्या फेऱ्या मारायला लागलात. जीप दिवसभर माणसं भरून धावायची, त्यामुळं माझी शिकवणी संध्याकाळी चुलीपुढं. मी पाटावर बसलेली आहे. डाव्या हातात उलथनं, तो गिअर. डाव्या पायाखाली गुंडाळलेलं पोतं, तो क्लच. तुम्ही समोर मांडी घालून तोंडानं इंजिनचा आवाज काढताय. "हळू सोड. आजून हळू. तू पाय काढलायस त्ये पोत्याला कळाय न्हाई पायजे." आई भाकरी थापता थापता म्हणते, "आवं, पोरीला काय मिल्ट्रीत धाडताय व्हय?" पुढच्या महिन्यात तुम्ही कँटीनमधून माझ्या मापाचे पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणलेत, कारण जाड तळव्यात क्लच कळत नाही. आईला साडी नाही आणि मला बूट, म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. मी ते बूट कॉलेजलासुद्धा घालून गेले. पोरी हसायच्या आणि मला त्याचं काहीही वाटायचं नाही.

मग तो दिवस आला. मी एकोणीस वर्षांची. जीपमध्ये वडापची आठ माणसं, आणि गावापासून सडकेपर्यंत तुम्ही स्टिअरिंग माझ्या हाती दिलंत. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी जीप कडेच्या गवतावर घेतली आणि ती रुतली. तेव्हाही मी रेसच दिली. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालात, "उतर खाली." आठ माणसांसमोर. तुम्ही खाली उतरून चाकं बघितलीत, सगळ्या माणसांना मागच्या फळीवर लटकायला लावलंत, दुसरा गिअर टाकलात आणि पाय इतका हळू सोडलात की जीप चालत बाहेर आली. "जोर मागच्या चाकास्नी असतोय, वजन मागंच टाकायचं," हे तुम्ही मला सांगितलंत की माणसांना, कोण जाणे. मी मागच्या बाकावर कोंबून बसले आणि घरी येईपर्यंत तुमच्या मानेकडं बघत राहिले. त्यानंतर तुम्ही कधी 'चालव' म्हणाला नाहीत आणि मीही कधी मागितली नाही. दोघं एकाच मातीचे. सांगलीत नोकरी लागली, स्वतःच्या पगारातून मी क्लास लावला, स्वतःची गाडी घेतली, पण तुमच्यादेखत चालवली नाही.

काल आमची वाट बघून बघून चौघेही रानात आले. भुकेनंच आणलं असणार त्यांना. गाडी बघताच चौघांच्याही अंगात फौज संचारली. "मागं बसा रं समदी!" चौघांतल्या थोरल्या सुभेदारकाकांनी हुकूम सोडला. मलाही ते इतकं पटलं की मीच डिकी उघडून दिली. दोघे डिकीत, दोघे मागच्या सीटवर, आणि आई बांधावर टॉवेल अंथरून बसलेली. मी दुसरा गिअर टाकला, पाय हळू सोडला, अगदी पोत्याला कळणार नाही असा. गाडी तसूभर हलली नाही. उलट तिचं नाक वर झालं आणि पुढची चाकं आणखी खाली गेली. सुभेदारकाका डिकीतून उतरून खिडकीशी आले. "पोरी, उतर खाली. मी काढतो."

तात्या, माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. त्यांचा काही दोष नव्हता, मायेनंच म्हणाले होते ते. पण मी म्हणाले, "न्हाई काका. मी उतरणार, पण चाक बघाय." चावी काढून मुठीत घेतली आणि उतरले. सँडल काढून टाकली. चाकांपुढं वाकून बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. मागची चाकं स्वच्छ होती, त्यांच्या नक्षीत गवताची काडीसुद्धा नव्हती. या गाडीचा सगळा जोर पुढच्या चाकांना असतो, मागची दोन नुसती पाठोपाठ येतात. हे मला माहीत होतं, तात्या. माहीत असून मी चार माणसं मागं बसवली, कारण तुम्ही मागं बसवली होतीत.

मग मी हुकूम सोडले. चाकांमागचा चिखल हातानं काढला, तिथं खताची रिकामी पोती कोंबली, स्टिअरिंग सरळ केलं. आलो त्याच चाकोरीनं उलटं निघायचं ठरवलं. चौघांना पुढून बॉनेटवर भार टाकून रेटायला लावलं. "आमी उभी हयात मागनं ढकललंया गं," सुभेदारकाका कुरकुरले, पण टेकले. मी रिव्हर्स टाकला आणि पाय सोडला, हळू, आणखी हळू. चाकांनी पोती धरली. गाडी एकदा मागं झुलली, पुन्हा बसली, पुन्हा झुलली आणि कण्हत कण्हत बाहेर निघाली. बांधापर्यंत मी थांबले नाही. पुढं बघते तर चौघांचेही पांढरे कपडे चिखलानं भरलेले. सुभेदारकाका तोंड पुसत ओरडले, "आरं, बापाच्या वरताण हाय की ही!" आई म्हणाली, "चला, तसंच जेवाय बसा."

सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मी शेजारच्या सीटकडं बघितलं. तिथं तुम्ही हवे होतात. हे मी किती साध्या शब्दांत लिहितेय, पण काल ते तसंच साधं आणि तसंच असह्य वाटलं. सुभेदारकाकांच्या तोंडून ते ऐकून मला काय करायचंय? तुम्ही नुसतं 'हं' म्हणाला असता तरी मला पुरलं असतं.

हे पत्र घालायला पेटी नाही आणि आईला वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही, म्हणून ते घडी करून ठेवणार आहे. एक राहिलं. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तुमचा फोन आला होता. इथं सांगलीत, विश्रामबागेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडं यायचं होतं तुम्हाला. "तूच यी गाडी घिऊन. डोळं गेल्यावर बघायचं ऱ्हाऊन जाईल, तू कशी चालवतीस त्ये." मी म्हणाले, तात्या, ऑफिसात ऑडिट चाललंय, मी ड्रायव्हर ठरवून देते. तुम्ही म्हणालात, "बरं, बरं." आणि परक्या माणसाच्या शेजारी बसून आलात आणि गेलात. त्या दिवशी ऑडिट नव्हतं, तात्या. मी घरीच होते.